नऊ महिन्यांची पलटण

१० ऑक्टोबर १८६२ या तारखेत नऊ महिने मिळवले की १० जुलै १८६३ येते. उत्तरेकडच्या फौजेत नऊ महिन्यांच्या मुदतीवर दाखल झालेल्या तेराव्या व्हरमाँट पलटणीतल्या पोरांनी हा हिशेब बोटांवर किती वेळा केला असेल कोण जाणे. गेटिसबर्गची लढाई झाली १ ते ३ जुलैला. म्हणजे घरी जायला जेमतेम आठवडा उरला होता, आणि तोवर या पलटणीने एकही मोठी लढाई पाहिलेली नव्हती.

अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘मुदत’ या शब्दाला बंदुकीइतकंच वजन होतं. कुणी तीन महिन्यांचा, कुणी नऊ महिन्यांचा, कुणी दोन वर्षांचा, कुणी तीन वर्षांचा. १८६४ मध्ये तर ओहायोसारख्या राज्यांनी शंभर दिवसांच्या पलटणी पाठवल्या. एकाच छावणीत शेजारी-शेजारी झोपणाऱ्या दोन शिपायांचं घरी जाण्याचं वर्ष वेगळं असायचं. यातली सर्वांत कुचेष्टा झाली ती थोड्या मुदतीच्या पलटणींची. जुने शिपाई त्यांना पैशासाठी आलेले हौशी म्हणत. ही कुचेष्टा सरसकट खरीही नव्हती आणि सरसकट खोटीही नव्हती.

मुळात इतकी थोडी मुदत ठेवली कुणी? लिंकनने १५ एप्रिल १८६१ ला ७५,००० माणसं मागितली ती तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांत दक्षिणेकडच्या राज्यांचं बंड मोडेल असं पुष्कळांना वाटत होतं, हे खरं. पण १७९५ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाला राज्यांची मिलिशिया, म्हणजे नागरी फौज, तीन महिन्यांपलीकडे ठेवताच येत नव्हती. आशेपेक्षा कलमाने ठरवलेली मुदत ती. त्याचं फळ जुलैमध्ये दिसलं. पेनसिल्व्हेनियाच्या चौथ्या पलटणीची मुदत बुल रनच्या लढाईच्या आदल्या दिवशी संपली. सेनापती मॅकडॉवेलने थांबायची विनंती केली, युद्धमंत्र्यांनीही सांगून पाहिलं. पलटण ऐकेना. २१ जुलैला बाकीची फौज शत्रूकडे निघाली तेव्हा ही पलटण उलट्या दिशेने चालत होती आणि पाठीमागे तोफा वाजत होत्या. मॅकडॉवेलने आपल्या अहवालात हे अगदी झोंबेल अशा शब्दांत लिहून ठेवलं. पलटणीचा कर्नल जॉन हार्ट्रान्फ्ट मात्र मागे राहिला, आपल्याच ब्रिगेडच्या अधिकाऱ्याकडे मदतनीस म्हणून लढला आणि पुढे १८८६ मध्ये त्यासाठी त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. त्याने नंतर एक्कावन्नावी पेनसिल्व्हेनिया पलटण उभारली. अँटिटमच्या लढाईत बर्नसाइडच्या पुलावरून ज्या दोन पलटणी पहिल्यांदा पार गेल्या, त्यातली ही एक.

चौथ्या पलटणीला भित्रं म्हणणं सोपं आहे. पण ते पळाले नव्हते. करार संपला आणि ते निघाले. राज्यसत्तेने माणसाशी तारखेचा करार केला, की ती तारीख पाळायचा हक्क माणसालाही मिळतो. लष्कराला ही गोष्ट पचवायला फार वेळ लागला.

१७ जुलै १८६२ च्या नव्या मिलिशिया कायद्याने ही मुदत नऊ महिन्यांपर्यंत वाढवता आली. ४ ऑगस्टला तीन लाख माणसांची हाक आली. व्हरमाँटसारख्या चिमुकल्या डोंगराळ राज्याने एकदम पाच पलटणी उभ्या केल्या : बारावी ते सोळावी. तोवर तीन वर्षांच्या पलटणींत बरीच माणसं जाऊन चुकली होती. उरले ते घरात एकुलते कमावते, मेरिनो मेंढ्यांचे कळप आणि गवताची कुरणं सांभाळणारे, दुकानदार, शाळामास्तर. तीन वर्षं म्हणजे शेत बुडालं. नऊ महिने म्हणजे कापणी उरकून निघायचं आणि गवत कापायच्या सुमारास परत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मृगाच्या आत घरी पोचणाऱ्या आपल्याकडच्या शेतकरी शिलेदाराला हे गणित समजावून सांगावं लागलं नसतं.

पलटण म्हणजे दहा कंपन्या, प्रत्येकीत कागदोपत्री शंभराच्या आसपास माणसं. एक कंपनी म्हणजे एक तालुका म्हटलं तरी चालेल. कॅप्टन कोण, ते मतदानाने ठरायचं, आणि मग सगळे अधिकारी मिळून कर्नल निवडायचे. तेराव्या पलटणीने फ्रान्सिस रँडलला निवडलं. तो दुसऱ्या व्हरमाँट पलटणीत कॅप्टन होता, म्हणजे गोळीबार पाहिलेला माणूस. मतदानाने अधिकारी निवडण्याला आज कुणीही हसेल, पण ही निवड शहाणपणाची ठरली. पाचही पलटणींत वरच्या जागांवर अशी अनुभवी माणसं पेरलेली होती; सोळाव्या पलटणीचा कर्नल व्हीलॉक व्हीझीही तिसऱ्या व्हरमाँटमधून आलेला. ‘ए’ कंपनी बरीचशी आयरिश होती. तिचा कॅप्टन जॉन लॉनर्गन आयर्लंडच्या टिपररी परगण्यात जन्मलेला.

ब्रॅटलबरोच्या तळावर नावनोंदणी झाली. हजेरीपटात नाव, वय, उंची, डोळ्यांचा रंग, धंदा. केंद्र सरकारचा पगार महिन्याला १३ डॉलर, वर व्हरमाँट राज्य स्वतःच्या तिजोरीतून ७ डॉलर घालायचं. एकूण वीस. पगारवाटप दोन महिन्यांनी व्हायचं असा नियम, प्रत्यक्षात आणखी उशीर. कपड्यांसाठी वर्षाला ४२ डॉलरची मर्यादा, म्हणजे महिन्याला साडेतीन. त्यावर घेतलं तर पगारातून कापायचे. इथे थोड्या मुदतीचा शिपाई अडकायचा. कोट, ओव्हरकोट, ब्लँकेट, विजारी, बूट हे सगळं पहिल्याच महिन्यात लागतं. तीन वर्षांचा शिपाई हा खर्च तीन वर्षांवर पसरवू शकतो. याच्या वाट्याला नऊ महिन्यांचे साडेएकतीसच.

आणखी एक भांडण मुदतीच्या मोजणीचं. माणूस गावात सही करतो ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि पलटण सरकारी सेवेत दाखल होते ऑक्टोबरात. नऊ महिने कधीपासून धरायचे? शिपाई सहीपासून धरतो, सरकार दाखल्यापासून. सहीचे कागद नीट वाचून न दाखवल्याने तर बंडापर्यंत मजल गेली. मेन राज्याच्या दुसऱ्या पलटणीत बहुतेकांची मुदत दोन वर्षांची, पण सुमारे १२० जणांच्या कागदावर तीन वर्षं. मे १८६३ मध्ये मित्र घरी गेले आणि या १२० जणांना पहाऱ्यात विसाव्या मेन पलटणीच्या हवाली केलं. ते शस्त्र उचलायला तयार नव्हते. विसाव्याच्या कर्नलने, म्हणजे चेंबरलेनने, आधी त्यांना जेवू घातलं आणि मग बोलायला बसवलं म्हणून प्रकरण निभलं.

पाचही व्हरमाँट पलटणींची मिळून एक ब्रिगेड झाली आणि तिला वॉशिंग्टनच्या दक्षिणेला, ऑकोक्वान नदीच्या पहाऱ्यावर बसवलं. पुढचे आठ महिने काय? पहारा, चिखल आणि कवायत. थंडीत लाकडाच्या ओंडक्यांची खुराडी बांधायची, वर तंबूचं कापड ताणायचं, एका बाजूला काड्या-मातीचं धुराडं. धुराड्याची उंची कमी पडली की वर बूड काढलेलं पिंप ठेवायचं. मातीचा लेप नीट नसला की आतून धुराडं पेटायचं, आणि पिंप तर हमखास. मग अर्धी कंपनी मध्यरात्री लाथा घालून जळतं धुराडं पाडत बसलेली.

खरा शत्रू गोवर आणि विषमज्वर. विरळ वस्तीतल्या खेड्यांत वाढलेल्या पोरांना लहानपणी गोवर झालेला नसतो, आणि इथे शंभर जण एकमेकांच्या अंगावर श्वास सोडत झोपलेले. त्यामागून न्यूमोनिया. सबंध युद्धात उत्तरेकडच्या मृतांपैकी साधारण तीनातले दोन रोगाने गेले. यातलं बरंचसं दाखल झाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत उरकायचं. तीन वर्षांची पलटण रोगाच्या त्या पहिल्या फेऱ्यातून बाहेर पडून मग दोन-अडीच वर्षं ‘पिकलेली’ असायची. नऊ महिन्यांची पलटण आजारातून उठेपर्यंत निम्मी मुदत खलास.

या ब्रिगेडची पहिली प्रसिद्धी हसं करणारी होती. तिचा सेनापती एडविन स्टॉटन, वय २४. आपल्या पलटणींपासून मैलोगणती लांब, फेअरफॅक्स कोर्ट हाउस गावात त्याने मुक्काम ठोकला. ९ मार्च १८६३ च्या पहाटेआधी दक्षिणेकडच्या मॉस्बीचे तीसेक घोडेस्वार आत शिरले आणि जनरलला बिछान्यातून उचलून घेऊन गेले, सोबत काही कैदी आणि पन्नासवर घोडे. जनरल दुसरा करता येईल, घोड्यांना पैसे पडतात, अशा अर्थाचं लिंकन बोलला म्हणतात. शिपायांचा काही दोष नव्हता, पण ठपका ब्रिगेडवर बसला. मग जॉर्ज स्टॅनर्ड आला. कवायत आणखी वाढली.

या कवायतीत नेमकं काय चालायचं ते पाहायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बंदूक ठासणीची, पण आत चाकोरी कोरलेली. ती भरायची नऊ हुकमांत : बंदुकीचा दस्ता जमिनीवर, काडतूस हातात, दाताने कागद फाड, दारू आणि गोळी नळीत, गज बाहेर, ठासणी, गज परत जागेवर, दारू पेटवणारी तांब्याची कॅप बसव, बंदूक खांद्याला. सरावाचा माणूस मिनिटाला तीन बार काढतो. पेटीत चाळीस काडतुसं. त्यातली वीस पत्र्याच्या वरच्या कप्प्यात सुटी, आणि खालच्या कप्प्यात दहा-दहाच्या दोन पुड्या. चुका ठरलेल्या असतात. गज नळीतून काढायचा विसरला की तो बाणासारखा उडून जातो आणि बंदुकीची काठी होते. कॅप ओली असली तर बार होत नाही, पण आजूबाजूच्या दणदणाटात आपला बार झालाच नाही हे भरणाऱ्याला कळत नाही, आणि तो वर दुसरं काडतूस ठासतो. गेटिसबर्गच्या मैदानातून नंतर २७ हजारांवर बंदुका गोळा केल्या, त्यातल्या सुमारे २४ हजार भरलेल्या निघाल्या, आणि त्यातल्या पुष्कळींत एकावर एक दोन, तीन, त्याहून जास्त बार ठासलेले. घाबरलेल्या माणसाच्या हाताला फक्त सवय वाचवते. सवय लावायला महिने लागतात आणि मुदतीला महिनेच थोडे.

दुसरा भाग पावलांचा. नेहमीची चाल मिनिटाला ११० पावलं, पाऊल २८ इंचाचं. दुडकी चाल १६५ पावलं, ३३ इंचाची. सहाशे माणसं दोन रांगांत उभी केली की ओळ साधारण पावणेदोनशे मीटर लांब होते. अशी ओळ काटकोनात वळवायची असेल तर टोकाच्या कंपनीला अडीचशे मीटर तिरकं चालावं लागतं. नेहमीच्या चालीने तीन मिनिटांहून जास्त, दुडकीने दोनच्या आत. या आकड्यांकडे परत येऊ.

२५ जूनला ब्रिगेड ऑकोक्वान सोडून निघाली. सात दिवसांत सुमारे १२० मैल, पहिले पावसाने चिखल आणि मग रणरण. त्यांना फौजेच्या पहिल्या कोअरला (अनेक ब्रिगेडींच्या मोठ्या तुकडीला) गाठायचं होतं, ती एक दिवस पुढे होती, त्यामुळे विसावा नाही. आठ महिने एका जागी पहारा दिलेल्या पायांना ही चाल कशी सोसणार? बूट फाटले, टाचा सोलल्या. पाण्यासाठी रांग सोडायची नाही असा कडक हुकूम. ‘के’ कंपनीचा लेफ्टनंट स्टीफन ब्राउन याने तो मोडला, माणसांसाठी विहिरीवरून पाणी आणलं. त्याला अटक झाली आणि तलवार काढून घेतली. लढाई सुरू झाल्यावर त्याला परत सोडलं, पण तलवार हाताशी नव्हती. तो छावणीत लाकडं फोडायची कुऱ्हाड घेऊन लढाईत उतरला.

१ जुलैच्या संध्याकाळी ब्रिगेड गेटिसबर्गला पोचली. बाराव्या आणि पंधराव्या पलटणीला सामानाच्या गाड्या राखायला मागे ठेवलं. पंधराव्याचा कर्नल रेडफिल्ड प्रॉक्टर पुढे अमेरिकेचा युद्धमंत्री झाला. गेटिसबर्गला त्याच्या वाट्याला गाड्याच आल्या. लढायला उरल्या तेरावी, चौदावी, सोळावी.

२ जुलैच्या संध्याकाळी उत्तरेचा सेनापती हॅनकॉक याने रँडलला विचारलं की हातची गेलेली तोफांची बॅटरी परत आणता येईल का. रँडलजवळ तेव्हा पाचच कंपन्या होत्या, उरलेल्या पाच दुसरीकडे. तो पुढे निघाला तोच घोड्याला गोळी लागली आणि तो घोड्याखाली सापडला. सुटून पायीच निघाला. चार तोफा परत आल्या. लॉनर्गनच्या कंपनीने रस्त्याकाठचं एक घर वेढून आतले दक्षिणेकडचे शिपाई पकडले. घरी परतायला आठ दिवस असलेल्या माणसांचं हे काम.

३ जुलैच्या सकाळी त्यांनी कुंपणांचे वासे गोळा करून गुडघाभर आडोसा रचला. मुख्य ओळीच्या थोडं पुढे, सखल जागी. दुपारी एकच्या सुमाराला दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. जमिनीला चिकटून पडून राहायचं, एवढंच काम. मग दक्षिणेच्या पिकेटच्या डिव्हिजनची ओळ पुढे आली, आणि झाडांच्या झुबक्याकडे जायला तिने डावीकडे तिरकी चाल धरली. त्यामुळे तिची उजवी बाजू, म्हणजे केंपरची ब्रिगेड, व्हरमाँटवाल्यांच्या नाकासमोरून कुशी उघडी टाकून गेली. स्टॅनर्डने तेराव्या आणि सोळाव्याला बाहेर काढलं.

हुकूम होता पहिल्या कंपनीवर आघाडी बदलायचा. तेरावी आधी उजवीकडे सरकली. मग सर्वांत उजवीकडची कंपनी, लॉनर्गनची ‘ए’, काटकोनात वळून उभी राहिली. तीच खुंटी. बाकीच्या नऊ कंपन्या अर्ध्या वळून एकामागून एक तिच्या डाव्या हाताला येऊन जुळायच्या. कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात खुंटीच्या कंपनीने सात-आठ अंश कमी-जास्त वळण घेतलं तर शेवटची कंपनी वीस-पंचवीस मीटर चुकते. मधली एखादी कंपनी घाईने आधीच गोळीबार सुरू करते आणि मागून येणाऱ्यांना वाट उरत नाही. धुरात डाव्या टोकाला उजवं टोक दिसतच नाही, आणि सगळं तोफगोळ्यांत दोन-तीन मिनिटांत उरकायचं. या हुकमाची कसोटी म्हणून दुसरा दिवस निवडायचा म्हटलं तर इतका वाईट सापडला नसता. तेरावी जुळली. सोळावी येऊन तिच्या डावीकडे जुळली. समोर केंपरच्या ओळीचं टोक होतं. ओळीच्या टोकावरून पाहिलं की गोळी एकाला चुकली तरी पुढच्याला लागते, आणि त्या टोकावर उलट गोळी झाडायला मोजकीच माणसं असतात.

मला वाटतं, आठ महिने फुकट गेले असं ज्यांनी म्हटलं त्यांचा हिशेब इथे चुकतो. मुरलेल्या पलटणी तोवर दोनशे-अडीचशे माणसांवर आल्या होत्या आणि कवायतीला त्यांना उसंत नसायची. या दोन्ही पलटणींत सहाशेच्या वर माणसं होती, आणि लढाई नाही म्हणून त्यांना कवायतीखेरीज दुसरं काही करायला मिळालेलंच नव्हतं. पण म्हणून युद्ध एकट्या व्हरमाँटने जिंकलं, असली गावगौरवाची भाषाही नको. दुसऱ्या, उत्तरेकडच्या कुशीवर आठव्या ओहायो पलटणीनेही असाच मारा केला, आणि ती तीन वर्षांची होती. व्हरमाँटच्या शेजारी लढलेली एकशे एक्कावन्नावी पेनसिल्व्हेनिया पलटण मात्र नऊ महिन्यांचीच. गेटिसबर्गच्या लढाईत तिचे ४६७ पैकी ३३७ जण मेले, जखमी झाले किंवा हरवले. हौशी म्हणून हसणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

केंपरची ओळ मोडली तोच दक्षिणेच्याच विल्कॉक्स आणि लँग यांच्या ब्रिगेडी पुढे आल्या. सोळावी कैदी गोळा करण्यात पांगली होती. व्हीझीने तिला जमवून मागे वळवलं आणि उलट दिशेने लँगच्या कुशीवर घातलं. दुसऱ्या फ्लोरिडा पलटणीचं निशाण हाती आलं. अर्ध्या तासात दोन्ही दिशांना मोहरा फिरवलेली ही पलटण, जिचा पहिला मोठा लढाईचा दिवस तोच. स्टॅनर्डच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा शिरला होता, तरी सगळं संपेपर्यंत तो हलला नाही. तेराव्यातले १२३, सोळाव्यातले ११९, चौदाव्यातले १०७ मेले, जखमी किंवा बेपत्ता.

त्यानंतरचं वर्णन थोडक्यातच उरकावं असं आहे. दक्षिणेचा सेनापती ली याचा पाठलाग करता करता मुदत संपली. तेरावी आगगाडीने ब्रॅटलबरोला परतली आणि २१ जुलैला सेवेतून मोकळी झाली. चौदावी ३० जुलैला, सोळावी १० ऑगस्टला. बंदुका मोजून परत घेतल्या. शेवटच्या हजेरीपटात प्रत्येकाच्या नावापुढे कपड्यांचा हिशेब : किती उचलले, सरकारचं किती देणं, शिपायाचं किती देणं. गवत उभं होतं.

त्यातले बरेच जण मात्र पुढच्या हिवाळ्यात सतराव्या व्हरमाँट पलटणीत परत भरती झाले, तीन वर्षांच्या मुदतीवर. स्टीफन ब्राउनही गेला, आता कॅप्टन म्हणून. मे १८६४ मध्ये वाइल्डरनेसच्या जंगलात त्याचा एक हात गेला. तेराव्या पलटणीने गेटिसबर्गला उभारलेलं स्मारक १८९९ चं. वर ब्राउनचाच पुतळा आहे, शत्रूच्या अधिकाऱ्याकडून घेतलेली तलवार हातात आणि कुऱ्हाड पायाशी. पुतळ्याला दोन्ही हात आहेत.